शेखचाचांच्या हातावरचे अण्णा

गेल्या पाडव्याला माझ्या मुलीनं, प्रज्ञानं, माझ्या मनगटाला एक काळी पट्टी बांधली. ती खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. या पट्टीत म्हणे माझी पावलं मोजली जातात आणि दिवसभरात मी किती चालले ते तिला तिच्या मोबाइलवर दिसतं. "आई, रोज पाच हजार झालीच पाहिजेत," असं बजावून ती गेली. दार लावून मी आत आले आणि पहिला विचार मनात आला तो असा, की ही आता कुणाच्या हाताला बांधावी.

या विचाराला इतिहास आहे. मी जिथं सत्तावीस वर्षं नोकरी केली त्या वृद्धाश्रमात तो घडला, आणि त्यात माझा हात होता, अगदी मनगटासकट. आता निवृत्त झाल्यावर लिहायला हरकत नाही. ज्यांनी मला मेमो दिला त्यांनाही सगळं माहीत आहे.

मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि शिकलंच पाहिजे हा घरचा धर्म होता. मी नर्स झाले तेव्हा वस्तीतल्या विहारात नारळ देऊन माझा सत्कार झाला. दोन हॉस्पिटलं पाहून झाल्यावर मी खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या या आश्रमात लागले. तेव्हा पुण्यातली हुशार मुलं भराभर अमेरिकेला जायला लागली होती, आणि मागं राहिलेल्या आईवडिलांचं काय करायचं हे कुणालाच नीट ठरवता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"खडकीची."

"तसं नाही, मूळच्या?"

"मूळची खडकी स्टेशनाजवळची."

त्यांनी पुढं विचारलं नाही. नंतरच्या दहा वर्षांत त्यांना माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी आंघोळ घातलेली चालेना.

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे गोळ्या देणं आणि चादरी बदलणं. ते कुणालाही शिकवता येतं. खरं काम नजर ठेवण्याचं, आणि ती ठेवली आहे हे समोरच्याला कळू न देण्याचं. म्हातारं माणूस आजारी पडलं की आधी ते लपवतं. त्याला भीती आजाराची नसते, आपल्याला हलवतील याची असते. आमच्याकडे दोन इमारती होत्या. पुढची चालत्याफिरत्या लोकांची, तिच्या खिडक्यांतून धरणाचं पाणी दिसायचं. मागची अंथरुणाला खिळलेल्यांची. तिच्या खिडक्यांतून पुढची इमारत दिसायची. जेवणघरापर्यंत स्वतःच्या पायानं जाता येईनासं झालं की मागं जायचं, असा नियम होता.

तेव्हा नजर ठेवायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, दोरी होती. अंगणात कपडे वाळत घालायची लांब दोरी, आणि प्रत्येकाचा आपापल्या रंगाचा चिमटा. आंघोळ झाली की ज्यानं त्यानं आपला पंचा स्वतः आणून त्या दोरीवर टाकायचा, ही आमची पद्धत. सात वाजता मी दोरीवरून एक चक्कर मारायची. कुणाचा पंचा नाही म्हणजे कुणाचं तरी काहीतरी बिनसलं आहे, एवढं मला कळायचं. एक निवृत्त हेडमास्तर थंडीत आंघोळीला टाळाटाळ करत आणि पंचा नळाखाली भिजवून आणून टाकत. चार दिवस मी फसले. पाचव्या दिवशी त्यांचा साबण बघितला, तो कोरडा ठणठणीत. "हेडमास्तर, साबण गैरहजर आहे," म्हटलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इन्स्पेक्टर व्हायला हवं होतं." तेव्हा हे आधीच सांगून ठेवते, की माणूस फसवायचं म्हटलं तर ओल्या पंचानंही फसवतो. यंत्रं यायच्या आधी सगळे हरिश्चंद्र होते असं नाही.

मग हळूहळू यंत्रं आली. आधी व्हरांड्यात फोन आला. रविवारी सकाळी त्याच्याभोवती खुर्च्या मांडून लोक आपापल्या मुलांच्या फोनची वाट बघत बसायचे, आणि ज्याचा फोन यायचा नाही तो पेपर वाचत असल्याचं दाखवायचा. मग ईमेल आलं. मी नाक्यावरच्या सायबर कॅफेतून पत्रं छापून आणायची आणि वाचून दाखवायची. नातवाचं इंग्रजी पत्र मराठीत सांगताना मी पदरचं थोडं घालायची, तेवढा गुन्हा मान्य आहे. मग कॅमेऱ्यात मुलं दिसायला लागली. आश्रमाची पाटी बदलून 'असिस्टेड लिव्हिंग' झाली, आयटीतली नोकरी सोडून आलेल्या एक मॅनेजर मॅडम आल्या, आणि शेवटी सगळ्यांच्या हाताला पट्ट्या आल्या. कपडे सुकवणारं मशीनही आलं, त्यामुळं दोरी सोडून टाकली. चिमटे बरेच दिवस माझ्या कपाटात होते.

पट्टी उपयोगाची होती, हे खरं तेच सांगते. एक आजी बाथरूममध्ये पडल्या तेव्हा ऑफिसात घंटी वाजली आणि दोन मिनिटांत मी त्यांच्यापाशी होते. माझ्या दोरीला हे जमलं नसतं. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाचं नाव असे. चालत असेल तर नाव हिरवं, पडलं तर लाल. महिन्याचा हिशेब पावलांचा. जेवणघराचा जुना नियमही आता आकड्यात बसवला होता. रोजची पावलं हजाराच्या खाली राहायला लागली की मागच्या इमारतीचा विचार सुरू व्हायचा. तोच आकडा मुलाबाळांना त्यांच्या मोबाइलवर दिसायचा.

आता अण्णांकडे येते. अण्णा जोगळेकर एका मोटारीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर सरळ रेषा मारल्यामुळं वाकडं बोलण्याची हौस राहून गेली असावी, ती ते आमच्यावर भागवून घेत. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा मंदार कॅलिफोर्नियात. त्यांच्याच खोलीत शेखचाचा. इस्माईल शेख, तीन पिढ्या रविवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. हातातली घड्याळं मोबाइलनं खाल्ली, दुकान बंद झालं, मूलबाळ नव्हतं, म्हणून पुतण्यानं आणून ठेवलं. दोघांना एका खोलीत ठेवताना ऑफिसला धाकधूक होती. अण्णा म्हणाले, "ते घोरत नाहीत ना? मग अल्ला आणि गणपती आपापसांत बघून घेतील." सात वर्षं ते एका खोलीत राहिले. संध्याकाळी खिडकीत खुर्च्या टाकून दोघं धरणाचं पाणी बघत बसत, आणि बोलत फार थोडं.

अण्णांचे पाय त्या वर्षी जड व्हायला लागले. भिंतीला हात लावत जेवणघरापर्यंत येत, पण बागेतल्या फेऱ्या बंद झाल्या. आकडा हजाराच्या आसपास रेंगाळायला लागला. अशात त्यांच्या पट्टीचं बक्कल तुटलं. चाचांनी ते दुरुस्त केलं. आता घड्याळजींच्या धंद्यात एक रीत असते. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, एक दिवस स्वतःच्या हातावर वागवायचं आणि नीट चालतं बघून मग द्यायचं. जन्माची सवय. चाचांनी अण्णांची पट्टी आपल्या मनगटाला बांधली आणि सकाळच्या फेऱ्या मारून आले.

त्या सकाळी मंदारचा फोन आला. "बाबा, आज चार हजार! मी किती दिवस वाट बघत होतो." मी खोलीतच होते, अण्णांचं ब्लडप्रेशर बघत होते. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "हो. आज जरा बरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी मी चाचांना बागेत गाठलं. डाव्या हाताला त्यांची स्वतःची पट्टी आणि चावीचं जुनं घड्याळ, उजव्या हाताला अण्णांची पट्टी.

"चाचा, हे काय?"

"टेस्टिंग चालू है, सिस्टर."

खोलीत येऊन अण्णांना विचारलं, "हे टेस्टिंग किती दिवस चालणार?"

"गिऱ्हाइकाचं समाधान होईपर्यंत."

"अण्णा, मला ऑफिसात सांगावं लागेल."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "सांगा. मग मागच्या खिडकीतून ही खिडकी कशी दिसते ते तुम्हाला कळवतो."

मी सांगितलं नाही. मागच्या इमारतीत गेलेली माणसं भिंतीकडे तोंड करून झोपतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. अण्णांचं, तेही चाचांपासून तुटून, तसं व्हायला नको होतं मला. हे मी दयेपोटी केलं असं त्या वेळी वाटत होतं, आणि थोडीशी गंमतही वाटत होती. इतक्या वर्षांत एवढ्या लोकांनी मला फसवलं होतं, आता मी पडद्याला फसवत होते. चाचांना ताप आला तेव्हा तर दोन दिवस अण्णांची पट्टी मीच बाहीखाली बांधली. नर्सच्या फेऱ्या त्या. आकडा नऊ हजारांवर गेला. मंदारचा फोन आला, "बाबा, नऊ हजार? जरा बेतानं." अण्णा म्हणाले, "वाहवत गेलो रे." फोन ठेवून आम्ही तिघं पोट धरून हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

असं चार महिने चाललं. महिन्याला येणारे डॉक्टर पडद्यावरचा आकडा बघून म्हणत, "जोगळेकर उत्तम, काही नको." अण्णांच्या पोटऱ्या सुकत चालल्या होत्या. त्यांना व्यायामवाल्या बाईंची गरज होती, हे मला कळत होतं. पण चार हजार पावलं चालणाऱ्याला पायांचे व्यायाम कशासाठी मागणार? आपल्याच खोट्यात मी अडकून पडले होते आणि तोंड उघडत नव्हते.

एके सकाळी मी ऑफिसात पडद्यासमोर होते. आता माझ्या कामात तासभर तिथं बसणंही होतं. सात वाजून गेले होते. अण्णांचं नाव हिरवं होतं. ते हिरवं म्हणजे अण्णा नाहीत, बागेतले चाचा आहेत, हे जगात कुणाला माहीत असेल तर मला. तरीही ते हिरवं नाव बघून मला बरं वाटलं, आणि मी पुढच्या नावाकडे वळले. माझ्या सगळ्या नोकरीत मला कशाची लाज वाटत असेल तर या एका गोष्टीची. दोरी असती तर अण्णांचा पंचा दिसला नसता आणि मी उठले असते.

चाचा त्या दिवशी फेऱ्या लवकर आटोपून खोलीत गेले तेव्हा अण्णा बाथरूमच्या फरशीवर पडलेले होते. पाऊण तास झाला होता. मी धावले. अण्णा पांढरेफटक पडले होते, पण शुद्धीवर होते.

"हाक का नाही मारलीत?"

"दोनदा मारली. मग म्हटलं, आपण तर बागेत फिरतोय, हाक ऐकणार कोण?"

त्यांना उचलून गादीवर घेतोय तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मंदार होता. "सिस्टर, बाबांची पावलं मध्येच थांबली. रोज ते आठपर्यंत चालतात. बरे आहेत ना?"

"मंदार, ते पडलेत. बहुतेक खुब्याचं हाड आहे. हॉस्पिटलला नेतोय."

"आत्ता पडले?"

मी अण्णांच्या अंगावर चादर ओढली.

"पण आत्तापर्यंत तर चालत होते. मी बरोबर होतो." मग त्यानं सांगितलं. आपली सकाळ म्हणजे त्याची तिकडची संध्याकाळ. ऑफिस सुटलं की तो घरापाशी एका बागेत जायचा, मोबाइल हातात धरायचा आणि बाबांचा आकडा हलायला लागला की स्वतः चालायला लागायचा. बाबा थांबले की थांबायचा, निघाले की निघायचा. "लहानपणी त्यांच्याबरोबर पर्वतीवर जायचो तसं वाटायचं," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं नव्हतं. उगाच हसले असते."

मला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी फक्त "लवकर ये" म्हणाले.

चौथ्या दिवशी तो आला. अण्णांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी त्याला सगळं सांगितलं, पट्टीच्या तुटलेल्या बकलापासून. चाचांच्या तापाचे ते दोन दिवस तू माझ्याबरोबर चाललास, हेही सांगितलं. तो चिडेल, तक्रार करेल, मी तयारीनं गेले होते. तो बराच वेळ आपल्या मोबाइलवरचे जुने आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चार महिने मी कुणाबरोबर चालत होतो?"

"शेखचाचांबरोबर," मी म्हटलं. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि उठून आत वडिलांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आश्रमात आला, झोप लागत नव्हती म्हणाला. बागेच्या कडेला बसून राहिला. अण्णा पडल्यापासून चाचा फेऱ्यांना गेलेच नव्हते. मंदारला बघून ते बाहेर आले आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. मी व्हरांड्यात होते. मध्ये पडावं की नाही कळेना.

मंदार म्हणाला, "चाचा, एक विचारायचं होतं. रोज मध्येच तुम्ही दोन मिनिटं थांबायचात. कशासाठी? मला वाटायचं बाबा धरणाकडे बघतायत."

चाचांनी हात पुढं करून ते जुनं घड्याळ दाखवलं. "सात बजे चावी देतो मी याला. वालिदसाहेबांचं आहे. चालता चालता देता येत नाही."

"मीही थांबायचो," मंदार म्हणाला. मग उठला. "चला. आज समोरासमोर."

दोघं फेऱ्या मारायला लागले. कुंपणापाशी चाचा थांबले, त्यांनी घड्याळाला चावी दिली. मंदार शेजारी उभा राहिला. मी आत जाऊन डोळे पुसले आणि मॅनेजर मॅडमच्या टेबलावर माझा कबुलीजबाब लिहून ठेवला.

मॅडमनी मेमो दिला, आणि तो मला मिळायलाच हवा होता. मेमोवर सही घेऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण हे केलंत कशासाठी?" मी म्हटलं, "दोघांची ताटातूट होऊ नये म्हणून. अण्णा मागं गेले असते, आणि चालत्या माणसाला मागं जागा नाही असा नियम आहे."

"असा नियम कुठाय?" त्या म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं, फाइल काढून बघितली. चालता न येणाऱ्यांनी मागं जावं एवढंच लिहिलेलं होतं. चालणाऱ्यानं मागं जाऊ नये असं कुठंच नव्हतं. मी इतकी वर्षं ते धरून चालले होते. "शेखसाहेबांना जायचंय का मागं?" त्यांनी विचारलं. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "आजच जाऊ?" दुपारी त्यांची कॉट मागं गेली. हे कुणीही, कधीही विचारू शकलं असतं. अण्णांनी विचारलं नाही, चाचांनी नाही, मी तर नाहीच. त्या न विचारलेल्या एका प्रश्नापायी अण्णांचा खुबा गेला.

हॉस्पिटलमधून आल्यावर अण्णा मागच्या खोलीत राहिले. भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत, कारण त्या बाजूला चाचांची कॉट होती. व्यायामवाल्या बाई रोज यायला लागल्या. मंदार सुट्टी संपवून परत गेला होता. दोन महिन्यांनी एके सकाळी बाई म्हणाल्या, आज वॉकर घेऊन बघू. चाचांनी अण्णांची पट्टी पेटीतून काढली, मनगट बारीक झालं होतं म्हणून तिला एक नवं भोक पाडलं, आणि अण्णांच्या हाताला बांधली.

"टेस्टिंग करून घेतलंत का?" अण्णांनी विचारलं.

"अब गिऱ्हाइकानं करायचं," चाचा म्हणाले.

कॉटपासून खिडकीपर्यंत अण्णा गेले. घामाघूम झाले. मी खुर्ची पुढं सरकवली आणि ते तिच्यात बसले. काही वेळानं माझा मोबाइल वाजला. मंदार होता. मी तो अण्णांच्या कानाला लावला.

"बाबा, अकरा?"

"अकरा," अण्णा म्हणाले. "चाचांची नाहीत. सिस्टरची नाहीत." मग त्यांनी विचारलं, "तुझी किती झाली?"

"अकराच. पुढं नाही गेलो. इथंच उभा आहे."

अण्णांनी दोन वर्षं अजून काढली. शंभराच्या वर आकडा कधी गेला नाही, आणि तो बघायला रोज संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या एका बागेत एक माणूस उभा राहत असे.

माझ्या शेजारच्या वहिनी रोज पहाटे टेकडीवर जातात. पट्टी न्याल का म्हटलं तर नेतील बिचाऱ्या. काल माझा गुडघा धरला होता. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला, "आई, आज फक्त दोनशे? काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता. मी म्हटलं, "गुडघा दुखतोय. येतेस का?" ती खराडीहून तासाभरात आली.